दोन नळ्यांचा जुना इंधन कनेक्टर (जॉन्सन १९५७): एका नळीचा लावला तर चालेल का?

खाडीकाठ:
होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, जॉन्सन सी-हॉर्स, १८ अश्वशक्ती, १९५७चं. टाकीपासून इंजिनापर्यंत शेजारीशेजारी चिकटलेल्या दोन नळ्या आहेत. इंजिनाकडचा कनेक्टर पाझरतो, नळी कडक पडून टोकांना तडे गेलेत. नवीन मिळणारे कनेक्टर सगळे एकाच नळीचे दिसतात. तसा एक लावून दुसरी नळी बुजवली तर चालेल का?
सोबत एका ब्रिटिश सीगलच्या (हेही आउटबोर्डच) टाकीखालचा पितळी कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बदलायचाय. त्याचे आटे कोणते हे कसं ओळखायचं?

सुकाणू:
नाही, बुजवू नका. या इंजिनाला इंधनपंपच नाही. दुसरी नळी हवेची आहे: क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या बंद पेटीतला) दाब तिच्यातून टाकीत जातो आणि तो दाब पेट्रोलला पहिल्या नळीतून वर ढकलतो. हवेची नळी बंद केली तर टाकीवरचं बटण दाबून चढवलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होईल, मिनिट-दोन मिनिटं चालेल आणि उपाशी पडून बंद होईल. मग लोक नाहक कार्बोरेटर उघडत बसतात.
टाकीत दाब असतो, म्हणून गळती इथे साध्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. थेंब पडत नाही, फवारा उडतो. नळी काढण्याआधी टाकीचं झाकण सावकाश सैल करून दाब जाऊ द्या.

पाना_१३:
कनेक्टर लगेच टाकून देऊ नका. धातूला तडा नसेल तर बहुतेक वेळा फक्त ओ-रिंग गेलेली असते. नळीच्या टोकाकडच्या मादी भागात पेट्रोलच्या आणि हवेच्या भोकात ओ-रिंग बसलेली असते. जुनी रिंग चपटी आणि काचेसारखी कडक होते. सुईने टोचलं तर तुकडे पडतात.
काढताना आतला स्प्रिंगवरचा व्हॉल्व्ह वाकवलेल्या तारेने आत दाबून धरा आणि दुसऱ्या बारीक हुकाने रिंग उचला. खाचेच्या भिंतीवर ओरखडा पडू देऊ नका, नवी रिंग तिथूनच गळेल. माप घ्यायचं ते इंजिनावरच्या पिनचं, व्हर्नियरने. रिंगचा आतला व्यास पिनपेक्षा किंचित कमी हवा. व्हायटॉनचीच (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) घ्या, जुन्या प्रकारचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतं, मग कनेक्टर धड बसत नाही आणि निघतही नाही. बसवताना रिंगला टू-स्ट्रोक ऑइलचा थेंब लावा.
पिनवर गंजाचे खड्डे असतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत गुळगुळीत करा. उभं घासलं तर त्याच रेषांतून पेट्रोल येतं.
चिकटलेली जोडनळी मिळाली नाही तर दोन सुट्या नळ्या घेऊन वीत-वीतभर अंतरावर केबल टायने बांधा. दोन्ही पेट्रोलच्याच हव्यात, कारण क्रँककेसमधून येणाऱ्या हवेत पेट्रोल-ऑइलची वाफ असते. साधी हवेची नळी आतून सोलते आणि तिचे पापुद्रे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. क्लँप सपाट पट्टीचा किंवा कानाचा घ्या. भोकं पाडलेली पट्टी असलेला जुबिली क्लिप बारीक नळीत रुततो आणि रबर कापतो.

आटेवाला:
सीगलच्या कॉकबद्दल. ब्रिटिश मोटर, म्हणून बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) असण्याची शक्यता जास्त, एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) कमी, पण मोजल्याशिवाय खरेदी करू नका. थ्रेड गेज लावा आणि बाहेरचा व्यास घ्या:

पाव इंची बीएसपी: इंचाला १९ आटे, सुमारे १३.२ मिमी
पाव इंची एनपीटी: इंचाला १८ आटे, सुमारे १३.७ मिमी
१/८ इंची बीएसपी: २८ आटे, सुमारे ९.७ मिमी
१/८ इंची एनपीटी: २७ आटे, सुमारे १०.३ मिमी

फरक एकाच आट्याचा, म्हणूनच फसगत होते. चुकीचं फिटिंग दोन-तीन फेरे सहज जातं आणि मग अडतं. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. तिथे पान्याने जोर लावला की टाकीचे मूळ आटे गेलेच, आणि जुन्या टाकीला ते परत मिळत नाहीत. हाताने चार फेरे गेलं नाही तर थांबा.
आटे समांतर असतील तर सील वॉशर करतो, आटे नव्हे. नवा फायबर वॉशर टाका. निमुळते असतील तर पेट्रोलला टिकणारी सीलंट पेस्ट लावा, पहिले दोन आटे कोरे ठेवून. टेफलॉन टेप नको, तिचे धागे सुटून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकात) जातात.
आणि ओढून उघडायचा कॉक असेल तर आत बुचाचा तुकडा असतो. तो वाळून आक्रसला की गळतो. आधी तो तपासा, अख्खा कॉक बदलायची गरज पडणार नाही.

खाडीकाठ:
आभारी आहे. जॉन्सनची दाबाची टाकीच नको असेल, तर पंप बसवून एका नळीवर जाता येतं का?

सुकाणू:
येतं, पण नुसता पंप लटकवून नाही. दाबाच्या पद्धतीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये दोन्ही सिलिंडरसाठी एकदिशा व्हॉल्व्ह आहेत, ते दाब फक्त बाहेर सोडतात. पडद्याच्या (डायफ्रॅम) पंपाला दाब आणि ओढ दोन्ही आळीपाळीने लागतात. म्हणून एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह काढून त्याची वाट पंपाला द्या आणि दुसऱ्याची वाट पूर्ण बंद करा. दोन्ही उघडी ठेवली तर दोन सिलिंडरचे ठोके एकमेकांना मारतात आणि पंप हलतच नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं.
पंप झाला की एका नळीचा कनेक्टर, बाण इंजिनाकडे असलेला हातबल्ब (हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा) आणि झडप असलेल्या झाकणाची टाकी. जुनी दाबाची टाकी या जोडणीला वापरू नका. तिला बाहेरची हवा आत घ्यायची वाट नाही, पेट्रोल ओढता ओढता आत निर्वात तयार होतो आणि पुरवठा तुटतो.

पाना_१३:
मूळ पद्धत ठेवणार असाल तर जोडणी झाल्यावर इंजिन चालू असताना टाकीच्या झाकणाच्या कडेला आणि चारही नळीटोकांना साबणाचं पाणी लावा. झाकणाच्या गॅस्केटला बुडबुडे आले तर कनेक्टर कितीही चांगला असला तरी दाब टिकणार नाही. टाकीवरचं बटण दाबून नळीत पेट्रोल चढतच नसेल, तर दोष कनेक्टरचा नाही, बटणाखालचा पडदा किंवा टाकीतला व्हॉल्व्ह बघा.