घरच्या माणसानं बधिरांचा दुभाषी व्हावं का? इंदूरकरांनो, मत सांगा

रामबागची धाकटी: माझा दादा जन्मापासून बधिर आहे. तो ५८ वर्षांचा, मी ४९. सहा वर्षांची असल्यापासून मी त्याची दुभाषी. बँक, रेशन, लग्नाची बोलणी, सगळीकडे मीच. गेल्या वर्षी एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झालीत, "यांना सांगा." दादानं भुवया उंचावून मला विचारलं. मी खुणेनं सांगितलं, मीठ कमी, गोळी रोज, बाकी ठीक. मला सांगवलंच नाही. चार महिन्यांनी त्याच्या बधिर मित्रानं रिपोर्ट वाचला. नंतर आठ दिवस दादानं माझ्याकडे बघितलं नाही. ज्याचं बोलणं डोळ्यांनी चालतं, त्यानं न बघणं म्हणजे काय ते घरात बधिर माणूस असलेल्यांना कळेल.

माझं ठाम मत झालंय: दवाखाना, कोर्ट, पोलीस ठाणं इथे घरच्यांनी दुभाषी होऊ नये.

मल्हारगंजचे काका: नाही पटलं, ताई. माझे आईवडील दोघेही बधिर. रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा कुठून आणायचा दुभाषी? आणि आई शाळेत गेलीच नाही, तिच्या खुणा घरच्या. नाकाकडे बोट नेलं की सासू, कारण आजीची नथ. दिल्लीच्या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश १०,००० शब्दांवर नेला. त्यात माझ्या आजीची नथ नाही. तुमची चूक लपवण्यात झाली, बहीण असण्यात नाही.

चौदा वर्षं दुभाषी: काका, लपवणं आणि बहीण असणं वेगळं काढता येत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याला वाईट बातमी देताना हात अडखळतातच. मी परकी आहे म्हणून माझे अडखळत नाहीत. पेशंट "मला भीती वाटते" म्हणाला तर मीही "मला भीती वाटते" असंच म्हणते, "ते घाबरलेत" नाही. डॉक्टरांना सांगते, त्यांच्याकडे बघून बोला, माझ्याकडे नको. उभी डॉक्टरांच्या बाजूला राहते, म्हणजे पेशंटला दोघांचे चेहरे दिसतात, आणि खिडकी माझ्या पाठीशी येऊ देत नाही, मागून उजेड आला की माझा चेहरा दिसत नाही.

चेहरा का, तर "साखर आहे" आणि "साखर आहे?" यात हात तेच असतात, प्रश्न भुवयांत असतो. मास्कनं निम्मा चेहरा गेला की अर्थही जातो. काय, किती, कधी हे शब्द भारतीय सांकेतिक भाषेत वाक्याच्या शेवटी येतात: गोळी, घेणे, किती? हे मराठीचं हातवाऱ्यांतलं रूप नव्हे, वेगळी भाषा आहे.

आईंसारख्यांसाठी मी स्वतः बधिर असलेला दुभाषी सोबत घेते. घरच्या खुणा तो माझ्याहून लवकर पकडतो आणि मला सांकेतिक भाषेत सांगतो. गीता आठवते ना, लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली बधिर मुलगी? २०१५ मध्ये पाकिस्तानातून परतली आणि इंदूरला राहिली. तिच्या खुणांवरून घराचा माग काढत मराठवाड्यापर्यंत पोचायला वर्षं लागली.

कोर्टात तर पुरावा कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर, बोलू न शकणारा साक्षीदार दुभाष्यामार्फत जबाब देतो तेव्हा त्याचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. दुभाष्यानं काय गाळलं ते मागाहून तपासता येतं. तुमच्या घरातलं कोण तपासणार?

पलासियाहून: एवढं कशाला? सावकाश बोला, ओठ वाचतात ते. नाहीतर कागदावर लिहून द्या.

बधिर, वय ३४: आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा. ओठ तिन्हीला सारखेच. माझ्या घरी मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे आईचे ओठ वेगळे आणि बाईंचे वेगळे. लिहिलेलं वाचतो, पण ती माझी दुसरी भाषा आहे. मूत्रपिंडाचा रिपोर्ट तुम्ही तरी दुसऱ्या भाषेत वाचाल का?

आणि मूक म्हणू नका. हातांनी दिवसभर बोलतो आम्ही.

धाकट्या ताई, तुमच्याशीही माझं भांडण आहे. आधी दादाचा आजार तुम्ही ठरवला, आता दुभाषीही तुम्हीच ठरवताय. त्यांना विचारलंत?

रामबागची धाकटी: नव्हतं विचारलं. काल विचारलं. म्हणाला, दवाखान्यात बाहेरचा, बँकेत तू. मग थोडं थांबून, बाहेरचा दुभाषी पुरुष हवा, लघवीचं बाईसमोर कसं सांगू. चाळीस वर्षं तो ते माझ्यासमोर सांगत होता, आणि हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

मल्हारगंजचे काका: हे मान्य, ताई. आईलाही विचारतो. पण माझे रात्रीचे दोन अजून तिथेच आहेत.

चौदा वर्षं दुभाषी: रात्री दोनला घरचाच माणूस बोलेल, काका, दुसरा इलाज नाही. फक्त सकाळी मला व्हिडिओ कॉल लावा, डॉक्टर काय म्हणाले ते बाबांना पुन्हा पहिल्यापासून सांगू.