किरणोपचारापूर्वी औषध घेऊन प्रजननक्षमता वाचवता येते का?

प्रश्न:
माझ्या ३१ वर्षांच्या धाकट्या भावाला गुदाशयाचा कर्करोग झाला असून, येत्या सोमवारपासून त्याला पाच आठवड्यांत एकूण ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किरणोपचार दिले जाणार आहेत. त्याला अजून मूल नाही. उंदरांना आधी अमीफॉस्टीन हे पेशींचे किरणांपासून रक्षण करणारे औषध किंवा संप्रेरके दाबणारी इंजेक्शने दिल्यास शुक्राणूंची निर्मिती काही प्रमाणात टिकते, असे वाचनात आले. डॉक्टरांकडे या औषधांचा आग्रह धरावा का?

प्रतिसाद १:
मी किरणोपचार विभागात काम करतो. आग्रह औषधाचा धरू नका, वीर्य गोठवून ठेवण्याचा धरा. संप्रेरके दाबण्याच्या उपायाने उंदरांत खरोखरच चांगले परिणाम दिसले, कारण त्यांच्या वृषणात शुक्राणू तयार करणाऱ्या मूलपेशी जिवंत राहूनही पुढे वाढत नाहीत आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी केल्यावर ती अडचण सुटते; माकडांत आणि माणसांत मात्र तसे घडल्याचे दिसलेले नाही. अमीफॉस्टीन मुळात अमेरिकी सैन्यासाठी शोधले गेले, डोके व मानेच्या किरणोपचारात तोंड कोरडे पडू नये म्हणून ते वापरतात, आणि त्याने रक्तदाब घसरतो व मळमळ होते. वृषणाच्या रक्षणासाठी ते रुग्णांना दिले जात नाही.

पोटाखालच्या भागावर किरण सोडले की त्यातले थोडे वृषणापर्यंत विखुरतात. थोडे म्हणून दुर्लक्ष करू नका, कारण इथे ०.१ ग्रे इतक्या मात्रेनेही शुक्राणूंची संख्या घटू शकते, आणि २ ते ३ ग्रे झाल्यास ती शून्यावर येऊन भरून निघायला सुमारे अडीच वर्षे लागू शकतात. शिवाय इतर बहुतेक अवयवांच्या उलट, तीच मात्रा तुकड्यातुकड्याने दिली तर वृषणाचे नुकसान वाढते. म्हणून शिंपल्यासारखे उघडणारे शिशाचे आवरण वृषणावर दरवेळी नीट बसवतात का, हे भावाने स्वतः पाहावे. आमच्याकडे घाईत ते तिरके राहिल्याचे मी पाहिले आहे.

प्रतिसाद २:
मांडीतील गाठीसाठी मी किरणोपचार घेतले होते. उपचारानंतर पाच महिन्यांनी तपासणीच्या अहवालात एकही शुक्राणू नव्हता, दोन वर्षांनी काही हलणारे दिसले. लाज बाजूला ठेवून आधी नमुने दिले होते, म्हणून त्या काळात झोप लागत होती. एक गोष्ट वरच्या प्रतिसादात राहिली: गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत वीर्यपतनाशी संबंधित नसांनाही इजा होऊ शकते, त्यामुळे शुक्राणू परत आले तरी नैसर्गिक गर्भधारणा अवघड होते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. सोमवारला चारच दिवस उरले आहेत. नमुन्यांसाठी उपचार लांबवावे लागतील का?

प्रतिसाद १:
सहसा नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन नमुने मिळाले तरी पुष्कळ आहे, आणि एकच मिळाला तरी तो उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतो. अंडपेशीत थेट एकच शुक्राणू सोडण्याचे तंत्र असल्याने थोडेही पुरतात. मात्र नमुना पहिल्या सत्रापूर्वीच द्यायला हवा, आणि किरणोपचार सुरू असताना आणि ते संपल्यावर साधारण वर्षभर गर्भधारणा टाळायला हवी. आजच फोन करा.