परसातला स्मोकर आणि ओटा : विटांचे एकसंध बांधकाम करावे की ड्रम वेगळा ठेवावा?

परसदार यांचा प्रश्न

घरामागच्या मोकळ्या जागेत मांस व मासे धुरावण्यासाठी स्मोकर आणि त्यालाच लागून ओटा, सिंक व गॅसची शेगडी असे छोटे स्वयंपाकघर स्वतःच बांधायचे ठरवले आहे. जागा साधारण ४ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असून तिच्या एका टोकाला घराची भिंत आहे. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे ओटा आणि स्मोकर विटांत एकत्र बांधून काढणे, आणि दुसरा म्हणजे २०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर करून तो ओट्याशेजारी सुटा ठेवणे. असा एक जुना ड्रम माझ्याकडे पडून आहे आणि छपराच्या कामातून उरलेला जीआय पत्राही बराच आहे. बांधकामाचा थोडा अनुभव आहे, धुराचा मुळीच नाही. यातला कोणता मार्ग धरावा, आणि का?

धुराडे यांचे उत्तर

वीट की ड्रम हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून हवा कोठून आत येणार आणि धूर कोठून बाहेर जाणार, हे आधी कागदावर काढावे. गरम धुरीच्या पद्धतीत अन्न साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत तासन्‌तास शिजते, आणि त्या हवेबरोबर वाहणारा धूर त्याला चव देतो. हा धूर विरळ, निळसर आणि जेमतेम दिसेल इतकाच असावा. लाकूड ओले असले किंवा विस्तवाला हवा कमी पडली, की दाट पांढरा धूर येतो. त्यातले डांबरट अंश अन्नावर बसतात आणि ते कडवट लागते. म्हणून मोठा विस्तव दाबून ठेवण्यापेक्षा लहान विस्तव मोकळेपणाने जळू देणे केव्हाही चांगले. विस्तवाचा कप्पा अन्नाच्या कप्प्याच्या एक तृतीयांश असावा, असा ढोबळ हिशेब बहुतेक जण धरतात. धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेवून तापमान खालच्या हवेच्या झडपेनेच कमीजास्त करावे. वरची झडप लावून उष्णता कोंडण्याचा मोह होतो खरा, पण उष्णतेबरोबर धूरही आत साचून शिळा होतो.

आता विटांविषयी. २३० मिलिमीटर जाडीची भिंत तापायला काही तास घेते, पण एकदा तापली की वाऱ्याने किंवा दार उघडल्याने तिचे तापमान सहसा हलत नाही. ज्यांना दिवसभर आणि वारंवार धुरी द्यायची आहे त्यांच्यासाठी ती उत्तम. कधीतरी संध्याकाळी हौस भागवणाऱ्यांचे मात्र निम्मे लाकूड भिंत तापवण्यातच जाईल. विस्तवाच्या कप्प्याला आतून भट्टीची, म्हणजे तीव्र उष्णता सोसणारी वीट (२३० × ११५ × ७५ मिलिमीटर) लावावी आणि ती फायरक्लेच्या (उष्णता सोसणाऱ्या मातीच्या) मसाल्यात, दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक दरजा ठेवून रचावी. नेहमीचा सिमेंटचा मसाला येथे टिकत नाही, कारण सुमारे ४०० अंशांच्या पुढे त्यातला चुना पाणी सोडू लागतो आणि मसाला भुसभुशीत होतो. शोभेसाठी नदीतले गोटेही आत लावू नयेत, कारण त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात.

एकसंध बांधकाम मला पटत नाही, ते याच कारणाने. स्मोकर दर वेळी तापून फुगणार आणि निवून आकसणार, ओटा मात्र जागचा हलणार नाही, आणि भेग नेमकी दोहोंच्या सांध्यावर पडणार. विटांचाच स्मोकर करायचा असेल तर दोन्ही कामे एकाच पायावर घ्यावीत, पण मध्ये १० ते १५ मिलिमीटर फट सोडून ती सिरॅमिक फायबरच्या दोराने बुजवावी.

लोखंडकाम यांचे उत्तर

वरील मताशी सहमत आहे. मी फक्त पत्रा आणि ड्रम यांविषयी लिहितो.

जीआय पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा. जस्त ४१९ अंशांना वितळते. वेल्डिंग करताना त्याचा जो धूर निघतो, तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. अन्नाच्या कप्प्यात एवढी उष्णता नसते हे खरे, पण विस्तवाच्या कप्प्याच्या भिंती तेथवर पोहोचू शकतात. तेव्हा हा पत्रा छपरासाठीच ठेवावा आणि स्मोकरमध्ये त्याचा तुकडाही वापरू नये. जाळीसाठी स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घ्याव्यात.

ड्रममध्ये पूर्वी काय होते, हे आपल्याला खात्रीने ठाऊक आहे का? ठाऊक नसेल किंवा त्यात रसायन असेल, तर तो फुकट मिळाला तरी नको. रिकाम्या ड्रममधली वाफ गॅसकटरच्या किंवा ग्राइंडरच्या ठिणगीने पेटून स्फोट होऊ शकतो, आणि या बाबतीत भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम अधिक घातक असतो. खाद्यपदार्थाचा ड्रम असला तरी आतले अस्तर मोकळ्या जागेत जाळून, घासून पूर्ण काढावे लागते. त्यानंतर आतून रंग देऊ नये. खाद्यतेलाचा पातळ हात देऊन रिकाम्या ड्रमलाच चांगली आच द्यावी, म्हणजे तेलाचा टणक थर बसून गंज दूर राहतो. बाहेरून उष्णता सोसणारा रंग द्यावा.

वाऱ्याची दिशा यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत गॅसचा विषय राहून गेला आहे, आणि आपल्या आराखड्यात सर्वांत मोठा धोका मला तोच दिसतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो ओट्याखालच्या कपाटाच्या तळाशी साचतो. त्यामुळे कपाटाला जमिनीलगत जाळीच्या खिडक्या ठेवणे आवश्यक आहे. फक्त वर ठेवलेल्या खिडक्यांचा त्याला उपयोग नाही. सिलिंडर आणि विस्तव ओट्याच्या दोन विरुद्ध टोकांना असावेत. स्मोकर घराच्या भिंतीपासून शक्य तितक्या लांबच्या टोकाला न्यावा. पावसामुळे छप्पर घातले तरी बाजू बंद करू नयेत, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फरशीला शंभरास एक असा उतार घराच्या उलट दिशेने द्यावा. ४ मीटरमध्ये तो ४ सेंटिमीटर होतो. ओट्याची उंची ८५ ते ९० सेंटिमीटर पुरते, पण कोपराखाली दहा-पंधरा सेंटिमीटर येईल अशी स्वतःच्या मापाने ठरवलेली बरी.

परसदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या ड्रमचा पूर्वेतिहास मला माहीत नाही, त्यामुळे तो बाद केला. खाद्यतेलाचा ड्रम मिळवून आधी तोच वापरावा आणि पुढे आवड टिकली तर विटांकडे वळावे, असे मनात आहे. फर्निचरमधून उरलेले लाकूड जाळण्यास चालेल का? आणि मांस आतपर्यंत शिजले हे कसे ओळखावे?

धुराडे

फर्निचरचे लाकूड चालणार नाही. प्लायवुड आणि एमडीएफमध्ये डिंक असतो, रंगवलेल्या फळीत रंगद्रव्ये असतात, आणि वाळवीपासून वाचवण्यासाठी प्रक्रिया केलेल्या जुन्या लाकडात तांबे, क्रोमियम व आर्सेनिकही असू शकते. ओलावा २० टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवलेले कठीण लाकूड, विशेषतः फळझाडांचे, वापरावे; राळ असलेले सूचिपर्णी लाकूड टाळावे.

शिजल्याची खात्री रंगावरून होत नाही. धुरामुळे कडेचे मांस शिजल्यावरही गुलाबी राहते, म्हणून सळईचा थर्मामीटर घ्यावाच. कोंबडीसारख्या पक्ष्यांचे मांस आतून ७४ अंशांपर्यंत गेलेच पाहिजे. मोठ्या तुकड्याचे तापमान ६५ ते ७० अंशांच्या आसपास बराच वेळ अडून राहते, आणि नवखा माणूस तेथेच घाबरून लाकूड वाढवतो. पृष्ठभागावरून उडणारा ओलावा तुकड्याला थंड करत असतो, इतकेच त्याचे कारण आहे. थांबावे, किंवा तुकडा कागदात गुंडाळावा. झाकणावरच्या थर्मामीटरवर भिस्त ठेवू नये. जाळीच्या उंचीवर वेगळा लावावा, कारण दोहोंत बराच फरक पडतो.

ड्रमपासून सुरुवात करण्याचा विचार योग्य आहे. पाया मात्र आताच पुढच्या विटांच्या स्मोकरचे वजन धरून, खडी नीट ठोकून, किमान १०० मिलिमीटर काँक्रीटचा घालावा. ड्रम तोपर्यंत त्यावरच उभा राहील.