बेल, कुडा, इसबगोल की पुदिना? आतड्याच्या जुन्या त्रासासाठी मार्गदर्शन हवे आहे

सविनय नमस्कार.

माझे वय ४१ आहे. मी नाशिकला राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. गेली दोन वर्षे सकाळी पोटात मुरडा येतो, शौचाला जाऊन आले की थोडे हलके वाटते आणि तासाभरात पुन्हा जावे लागते. मधूनच मात्र तीन-चार दिवस पोट साफच होत नाही. पोटविकारतज्ज्ञांनी रक्ताची, शौचाची आणि सिलिअ‍ॅक (गव्हातील ग्लुटेन न सोसण्याच्या) आजाराची तपासणी करून ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातील जुनाट बिघाड) असे निदान केले आहे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा जुलाबामुळे रात्री झोपमोड होणे यांपैकी मला काहीही नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण तसे असते तर हा प्रश्न येथे न मांडता मी थेट त्यांच्याकडेच गेलो असतो.

आतापर्यंत खरा गुण आला तो इसबगोलाने. सुरुवातीला मी उतावळेपणाने एकदम दोन चमचे घेतले आणि तीन दिवस पोट फुगून राहिले. मग अर्ध्या चमच्यावर येऊन दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत नेले, तेव्हा ते सोसले. पेल्यात भुसी टाकून ढवळेपर्यंतच पाणी दाटू लागते आणि दोन मिनिटे थांबले तर खळीसारखा लगदा होतो, म्हणून लगेच पिऊन वर आणखी पेलाभर पाणी पितो. गव्हाच्या कोंड्याने मात्र गॅस आणि मुरडा दोन्ही वाढले. कोंड्यातील न विरघळणारा चोथा आणि इसबगोलातील पाणी धरून ठेवणारा चोथा यांत फरक असतो, हे तेव्हा कळले. मी सकाळी थायरॉइडची गोळी घेतो आणि इसबगोलामुळे तिचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर राहावे यासाठी इसबगोल रात्रीच घेतो.

खरी अडचण बेल आणि कुडा यांच्या बाबतीत आहे. आईच्या माहेरहून, पेठ तालुक्यातून, कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या चकत्या येतात. कच्चे बेलफळ मल बांधते आणि पिकलेले सारक असते, असे सांगितले जाते. माझा प्रकार दोन्ही बाजूंनी झुलणारा असल्याने नेमके काय घ्यावे, हेच मला उमगत नाही. ओळखीच्या एका गृहस्थांच्या सांगण्यावरून कुटजघनवटी (कुड्याच्या सालीच्या अर्काची गोळी) दोन आठवडे घेतली. जुलाब थांबले, पण पुढचे चार दिवस पोट गच्च झाले आणि मी ती बंद केली. असा झुलता प्रकार असणाऱ्या कोणी वैद्यांच्या देखरेखीखाली कुडा किंवा बेल घेतला असेल, तर तो केवळ जुलाबाच्या दिवसांपुरता घेतला की सलग, आणि मात्रा कशी ठरवली, हे कृपया लिहावे.

पोट साफ करणारी तयार चूर्णे घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. त्यांपैकी अनेकांत सोनामुखी ही रेचक वनस्पती असते आणि तिने माझा मुरडा असह्य होतो. हिंगाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तुपात कालवून घेतो, त्याने गॅसला उतार पडतो. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा डिंक मिसळलेला असतो आणि गहू मला फारसा मानवत नाही, म्हणून शुद्ध खडा हिंग वापरून हे चूर्ण घरी करणारे कोणी असल्यास प्रमाण सांगावे.

शेवटचा प्रश्न पुदिन्याचा. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूल मुरड्यावर उपयोगी पडतात, हे अलीकडच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांतही आले आहे. त्यातील मेन्थॉलमुळे आतड्याचे स्नायू सैलावतात. आपण चटणीला वापरतो तो पुदिना बहुतांशी वेगळ्या जातीचा असून त्यात मेन्थॉल फारच कमी असते, त्यामुळे घरच्या काढ्यावर मी विसंबत नाही. पण मला आम्लपित्ताचाही त्रास आहे आणि या कॅप्सूलने छातीत जळजळ वाढू शकते. दोन्ही त्रास असूनही ज्यांनी ती घेतली, त्यांना जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतल्याने जळजळ टळली का? माझी रात्रपाळी सोमवारपासून सुरू होते आहे. त्या आठवड्यात जेवणाच्या वेळा पार बदलतात, म्हणून ती घेण्यास तेव्हाच सुरुवात करावी की दिवसपाळी येईपर्यंत थांबावे, हेही सांगावे.