सोनचाफा: झाड दहा फूट, फूल एकही नाही, नवी पालवी पिवळी

अंगणवेडा
सोनचाफ्याचे कलम जमिनीत लावून तीन वर्षे झाली. जागा पुण्याजवळ, काळी माती, पाणी बोअरचे, ऊन दिवसभर. वाढ जोरात आहे, पण फूल नाही. नव्या पानांचा रंग पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत आणि महिन्याला मूठभर युरिया देतो. फूल न येणे आणि पिवळेपणा, कारण एकच का? शेंडा छाटू का?

खुंटकाडी
कात्री उचलण्याआधी कलमाचा जोड शोधा. बुंध्यापासून साधारण वीतभर उंचीवर गाठ किंवा तिरका व्रण दिसेल. मुख्य खोड त्याच्या वरून निघाले आहे की खालून? खालून असेल तर खुंटाचा (ज्या बियांच्या रोपावर कलम बांधतात त्याचा) फुटवा वर गेला आणि वर बांधलेली कलमकाडी दबून मेली, म्हणजे उभे आहे ते बियांचेच झाड. त्याला फुलायला सहज सात-आठ वर्षे लागतात, खतांनी फार फरक पडत नाही. वेलणकर चाफ्यासारख्या जातीचे चांगले कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळी दाखवते. जोड मातीत गाडला गेला असेल तर आळे उकरून मोकळा करा.
युरिया मात्र आजच बंद. त्यातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड पाने आणि उंचीच वाढवत बसते.

चुनखडी
पिवळेपणाचे कारण वेगळे. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. तुमच्याकडे लोह मातीत असेलही, पण चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. चाफ्याला किंचित आम्लधर्मी माती मानवते.
नुसते हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकणे म्हणजे पैसे वाया, ते तिथेच अडकते. ईडीटीए चिलेटही (चिलेट म्हणजे लोह मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेले खत) मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. ईडीडीएचए चिलेट घ्या, 15 ग्रॅम बादलीभर पाण्यात कालवून ओल्या आळ्यात, संध्याकाळी. तोवर लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल अशी फवारणी दर पंधरवड्याला, दोन-तीन वेळा. उन्हात नको, पाने करपतात. आळ्यात पाणी साचत असेल तर आधी ते काढा, गुदमरलेली मुळे लोह उचलत नाहीत. आणि कृपा करून जिप्सम टाकू नका, त्याने सामू उतरत नाही.

अंगणवेडा
जोड शाबूत आहे, सगळ्या फांद्या वरूनच. मग छाटणी कधी? आणि फुले काळी न पडता टिकतात कशी?

खुंटकाडी
मग दोष युरियाचा आणि लोहाचा. थंडी ओसरली की, फेब्रुवारीच्या सुमारास, शेंडा सात फुटांवर घ्या. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. फूल नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते, म्हणून छाटल्यावर फांद्या वाढतात तशा कळ्याही. शिवाय फूल हाताशी राहते. चाफ्याची फांदी ठिसूळ, चढायच्या कामाची नाही. कापल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा. फांदीवर खवले कीड आणि खाली मुंग्या दिसल्या तर जुन्या ब्रशने घासून निंबोळी तेल फवारा, नाहीतर पानांवर काजळी धरते.

दादर_पहाटे
फूल उजाडायच्या आत, पाकळ्या जेमतेम सुटत असताना, देठासकट खुडा. पाकळीला बोट लागले की तिथे डाग पडतो, म्हणून देठालाच धरायचे. पावसात भिजलेले फूल डब्यात कोंबू नका. केळीच्या पानात सैल गुंडाळून सावलीत ठेवले तर संध्याकाळपर्यंत चांगले राहते.
पाण्याच्या बाटलीत ठेवायचे असेल तर काचेची स्वच्छ बाटली, उकळून गार केलेले पाणी, चिमूटभर तुरटी, आणि बूच लावताना आत हवा राहू द्यायची नाही. असे फूल बरेच दिवस दिसते छान. वास मात्र येत नाही, त्यामुळे त्यात फारसा अर्थ नाही.