मशिदीच्या भोंग्यावरून लशीची हाक: लोकांना सोबत घेणं की सरकारने अंग झटकणं?

सांजवेळ (धागाकर्ती)
2022 च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला होता आठवतंय? देवनार डम्पिंगच्या कडेच्या वस्त्यांत पोरं गेली. लस तर फुकटच होती, तरी बऱ्याच पोरांनी ती घेतलेलीच नव्हती. मग धावपळ, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस, मशिदीच्या भोंग्यावरून सांगा म्हणून मौलानांना विनंत्या, संस्था कामाला.

मी तेव्हा एका संस्थेबरोबर दारोदार फिरत होते. एका घरात बाई दारच उघडेना, म्हणे मागे टोचलं तर पोर दोन दिवस तापलं, जरीचं काम बुडलं वर सासू म्हणाली चांगल्या पोराला आजारी पाडलंस. आमच्यासोबत त्याच गल्लीतली एक खाला होती, ती उंबऱ्यावर बसली आणि पहिलं वाक्य काय तर "ताप येणारच आहे". मग गोळी कधी द्यायची, टोचलेली जागा चोळायची नाही, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाई पोराला घेऊन हजर. आमची पत्रकं तिच्याच घरात चुलीजवळ पडलेली होती हो! म्हणून म्हणते, वस्तीतली माणसं सोबत असल्याशिवाय हे होत नाही.

रोखठोक७१
छान गोष्ट आहे पण ती खाला फुकट राबली ना? तेच म्हणतोय मी. 'लोकसहभाग' म्हणजे जागा भरायच्या नाहीत, पगार द्यायचे नाहीत आणि मौलानांसोबत फोटो काढायचे. 2024 च्या सुरुवातीला आशाताई आझाद मैदानात बसल्या होत्या ते कशासाठी? आणि सगळा दोष लोकांच्या अडाणीपणावर ढकलू नका. माझ्या बहिणीला आमच्या इथल्या दवाखान्यातून दोनदा परत पाठवलं, का तर "अजून पोरं जमू देत मग बाटली फोडू". धुणीभांडी सोडून आलेली बाई तिसऱ्यांदा येईल का?

सिस्टरबाई
रोखठोक, बाटलीचं खरं आहे. गोवराची लस पावडर असते, पाणी घातलं की चार तासांत वापरायची नाहीतर फेकायची. एका पोरासाठीसुद्धा फोडा अशीच सूचना आहे, पण वाया गेलेल्या डोसांचा हिशोब शेवटी आम्हालाच विचारतात मग हात आखडतो. आणि सांजवेळ, एक दुरुस्ती, तुमच्या त्या बाईचा अनुभव बहुतेक पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लशीचा) असणार, त्याचा ताप एकदोन दिवसांतच येतो. गोवराच्या लशीचा आठवड्याभराने येऊ शकतो, तोवर आई विसरलेली असते आणि मग अफवा उठते. खालांना हे पण शिकवा.

गप्पबस
एवढे लाड कशाला? लशीचं कार्ड दाखवल्याशिवाय रेशन नाही म्हणा, आठ दिवसांत रांग लागेल.

सांजवेळ
रेशन तोडून उपाशी कोण राहणार, तेच पोर ना? जबरदस्तीने काय होतं ते आणीबाणीतल्या नसबंदीने दाखवलंय. पुढे पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओचे थेंब म्हणजे नसबंदी अशी अफवा उठली, ती मोडायला इमाम आणि मोहल्ल्यातल्या बाया लागल्या. देशातली शेवटची केस जानेवारी 2011 ची, हावड्याची. पोलीस पाठवून झालं नाही ते.

उसाचंपाचट
तुम्ही सगळे वस्तीचं बोलताय, ज्याला वस्तीच नाही त्याचं काय. आमच्या बीडकडची ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या आसपास कोल्हापूर सांगलीला जाते, चारपाच महिने कोपीत (झोपडीत). पोर नऊ महिन्यांचं होतं फडावर, कार्ड गावाकडच्या पेटीत, आणि तिथली सिस्टर म्हणते आधी कुठले डोस झालेत ते दाखवा. भागीदार म्हणून कोणाला धरणार, मुकादमाला? त्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर आहे, तो टोचायला दिवसभर सोडणार नाही.

रोखठोक७१
आता बोला सांजवेळ. इथे खाला कुठून आणणार?

सांजवेळ
मान्य, इथे मुकादम चालणार नाही. पण टोळीत पोरं सांभाळायला एखादी म्हातारी मागे असतेच ना? तिला धरा, आणि खालासारखं फुकट नको, दिवसाची मजुरी द्या. पैशाच्या बाबतीत रोखठोक बरोबर आहेत, आमच्या खालाला आम्ही शेवटी एक साडी दिली होती, आता लाज वाटते.

सिस्टरबाई
कार्ड नसलं तरी टोचायचं असतं, परत पाठवायचं नसतं. वयाप्रमाणे जे बसेल ते द्यायचं आणि नवीन कार्ड करायचं. @उसाचंपाचट, टोळीतल्या बायांना कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवायला सांगा, आणि टोळी निघायच्या आधी, दसऱ्यालाच.

उसाचंपाचट
सांगतो. मोबाईल नवऱ्याकडे असतो, पण सांगतो.