पिल्लू घरी आल्यावरचे पहिले सहा महिने: तुमचे अनुभव

कुत्र्याचं पिल्लू आणताय म्हटलं की सल्ले भरपूर मिळतात, पण लादी कोणी पुसायची ते कुणी सांगत नाही. तेच इथे लिहूया. शी-शू, चावणं, लशी, सोसायटी, आजी-आजोबा, सगळं चालेल. फक्त 'देशी भारी की जातिवंत' हा वाद नको, त्यात सगळ्यांचं रक्त आटवून झालंय.

सुरुवात मीच करते. आमची चिंगी देशी, पार्किंगमध्ये जन्मलेली. वॉचमनकाका म्हणत होते, डोळे उघडले की न्या वर, लळा लागतो. आम्ही दोन महिने पूर्ण होईपर्यंत थांबलो. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. दाताला किती जोर लावायचा, हे पिल्लू तिथे शिकतं. शूचा हिशोब सोपा आहे: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर उचलायचं आणि ठरलेल्या जागी ठेवायचं. झाली की लगेच कौतुक. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोनेक तासांपलीकडे धरू शकत नाही. शेजारच्या काकूंचा 'नाक घासा त्यात' हा उपाय मात्र करू नका. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

डोंबिवली
आमच्याकडे चावण्याचा कहर होता. दुधाचे दात 28, सगळे सुईसारखे. लेक किंचाळत पळायची आणि बंड्याला वाटायचं, चला, खेळ सुरू! तिला 'झाड हो' शिकवलं: हात छातीशी, नजर वर, अजिबात हलायचं नाही. बंड्या कंटाळून निघून जायचा. चौथ्या महिन्यानंतर दात पडायला लागले, चटईवर तांदळाएवढा दात सापडला. तेव्हा ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायचो, तेच चघळायला द्यायचो. एक गोष्ट महत्त्वाची. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. त्याआधी दात लागून रक्त आलं, तर 'घरचंच आहे' म्हणू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

कोल्हापूरजवळ, शेतावर
आमचं पहिलं पिल्लू पार्वोनं गेलं. आदल्या दिवशी नुसतं मलूल होतं, दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण. पोरं लगेच दुसरं आणा म्हणून मागं लागली. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलनं मरत नाही. भांडी, फरशी ब्लीचिंगनं धुतली, गोणपाटं जाळली. पुढचं पिल्लू आणलं ते लशी पुऱ्या झालेलंच. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. मधली एकही चुकवू नका.

नाशिक
कोल्हापूरच्या दादांचं शंभर टक्के खरं. पण म्हणून सोळा आठवडे घरात कोंडलंत तर वेगळी पंचाईत होते. साधारण तीन ते चौदा आठवड्यांत जे दिसतं, ऐकू येतं, ते पिल्लाला जगाचा भाग वाटतं. आम्ही पिंट्याला जमिनीवर न ठेवता झोळीतून हिंडवला. रिक्षा स्टँड, भाजीबाजार, शाळा सुटतानाचं फाटक, हेल्मेटवाले, काठीवाले आजोबा. घरात कुकरची शिट्टी झाली की खाऊचा तुकडा, मिक्सर लागला की तुकडा. दिवाळीत शेजारचा मोठा कुत्रा पलंगाखाली थरथरत होता, हा गॅलरीच्या दाराशी कान टवकारून बसलेला. सगळीच पिल्लं इतकी निवांत होतील असं नाही, तरी जमेल तेवढं दाखवा. अनोळखी कुत्री आणि त्यांच्या शीच्या जागा तेवढ्या टाळा.

म्युनिक
इकडे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायला कायद्यानेच बंदी आहे. शिवाय नगरपालिकेचा श्वानकर वेगळा! पिल्लांच्या शाळेत पहिला धडा बसायचा-उठायचा नव्हता, नाव घेतल्यावर आपल्याकडे बघण्याचा होता. आमचं पिल्लू मराठीत ऐकतं, बाई जर्मनमध्ये ओरडतात.

सांगली
आमचे अण्णा! टेबलाखालून हात जायचाच. सत्यनारायणाच्या प्रसादातले बेदाणे चाललेच होते, तेवढ्यात सूनबाईंनी हात धरला. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच नको. अण्णांना 'देऊ नका' म्हणून उपयोग नव्हता, म्हणून उकडलेल्या गाजराच्या तुकड्यांची डबी त्यांच्याच ताब्यात दिली. आता पिल्लू 'बस' म्हटलं की फक्त अण्णांचंच ऐकतं.

ठाणे
लिफ्टबद्दल कुणीच लिहिलं नाही? सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो कागद मी चेअरमनसाहेबांना दिला, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. कुरकुर थांबली ती माझ्या हातात शी उचलायची पिशवी रोज दिसायला लागल्यावर. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा. त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला मागतात, तेव्हा लशीचं पुस्तक जपून ठेवा. आमचं पिल्लानेच चावलं होतं, डॉक्टरांकडून दुसरं लिहून आणलं.